पावसातली रात्र आणि विमानाची काच

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेल्या आषाढातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास मंचरहून अवसरी बुद्रुकला घरी परतत होतो. मोटार पुतण्या चालवत होता. आमच्याकडे भीमाशंकरच्या डोंगरासारखा पाऊस पडत नाही, पण ज्या दिवशी पडतो त्या दिवशी रस्त्याचा ओढा करून टाकतो. वायपर जोरात चालू होता. तेवढ्यात समोरून टोमॅटोचे क्रेट भरलेला एक टेम्पो मोठे दिवे लावून आला आणि समोरची काच एकदम पांढरीफटक झाली. रस्ता नाही, साइडपट्टी नाही, काही नाही. पुतण्याने गाडी हळूच कडेला घेतली, थांबवली आणि टेम्पो गेल्यावर मला म्हणाला, "काका, तुम्ही दीड-दोनशे माणसं घेऊन असल्या पावसात विमान कसं उतरवायचा? विमानाला वायपर असतो का?"

असतो. आणि तो बंदही पडतो. पण त्याचा प्रश्न वाटला तेवढा सोपा नव्हता. तीस वर्षांहून अधिक काळ मी प्रवासी विमाने चालवली. निवृत्तीनंतर गावी आल्यापासून हा प्रश्न मला अनेकांनी अनेक तऱ्हांनी विचारला आहे. विशेषतः ज्यांची मुले दुबईला, मस्कतला कामाला आहेत आणि पावसाळ्यात रात्रीच्या विमानाने घरी येतात, त्या आईबापांनी. तेव्हा आज जरा सविस्तर सांगतो.

पुतण्याने काय केले? काही दिसेना, म्हणून गाडी थांबवली. वैमानिकाला थांबता येत नाही. बोइंग ७३७ च्या आकाराचे विमान उतरायला येते तेव्हा त्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर. आपण नुसते "अरे बापरे" म्हणेपर्यंत विमान शंभर-सव्वाशे मीटर पुढे गेलेले असते.

आता विमान ढगातून धावपट्टीपर्यंत येते कसे, ते थोडक्यात सांगतो. विमानतळावरील यंत्रणा रेडिओलहरींनी आकाशात एक अदृश्य उतार आखून देते. साधारण तीन अंशांचा. आपल्या घाटरस्त्याच्या मानाने अगदी सौम्य. विमानातील उपकरणे हा उतार पकडतात आणि बाहेर मिट्ट काळोख असला, ढग असले तरी विमान त्यावरून नीट खाली येते. इथपर्यंत डोळ्यांची गरज नसते. पण सर्वसाधारण दर्जाच्या यंत्रणेवर जमिनीपासून २०० फूट उंचीवर एक क्षण येतो. तिथे वैमानिकाने मान वर करून बाहेर पाहायचे आणि ठरवायचे. धावपट्टीचे किंवा तिच्या आधीच्या रांगेतले दिवे ओळखू येतील असे दिसले, तर पुढे जायचे. नाही दिसले, तर ताकद लावून पुन्हा वर. याला आमच्या भाषेत 'गो-अराउंड' म्हणतात. त्या उंचीपासून चाके टेकेपर्यंत सोळा-सतरा सेकंद असतात. त्यातले एक-दोन सेकंद आतल्या उजळ आकड्यांवरून बाहेरच्या अंधारावर नजर बसवण्यात जातात.

राहिलेल्या पंधरा सेकंदांत सगळा कारभार डोळ्यांवर आणि त्या काचेवर असतो.

विमानाची काच आपल्या मोटारीसारखी नसते. काच आणि प्लॅस्टिक यांचे अनेक थर एकावर एक चिकटवलेले असतात आणि आतून विजेने ती गरम ठेवलेली असते. बर्फ साचू नये म्हणून, आणि गरम काच पक्ष्याची धडक जास्त सोसते म्हणूनही. कॅप्टनपुढे एक आणि सहवैमानिकापुढे एक, असे दोन वायपर असतात. अलीकडच्या ७३७ मध्ये दोन्हींचे बटण वेगवेगळे. जोरात लावले की ते एवढा खडखडाट करतात, की शेजारच्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही. आणि इतके करून काचेचा थोडाच भाग ते साफ करतात. पूर्वी काचेवर एक द्रव फवारायची सोय असायची. त्याने पाणी थेंब होऊन उडून जायचे. त्या द्रवात ओझोनच्या थराला घातक असे रसायन होते, म्हणून १९९० च्या दशकात तो अनेक विमानांतून गेला आणि काचेवर पाणी न धरणारा लेप देण्याची पद्धत आली. लेप चांगला असतो, पण वायपरच्या घासण्याने तो झिजतो. कोणत्याही घरातल्या तव्याच्या लेपासारखाच.

बरे, पाणी काचेवर राहिले तर काय बिघडते? धूसर दिसते, एवढेच ना? माझ्या मते लोकांचा गैरसमज इथेच होतो. दिसेनासे होणे हा लहान धोका आहे. काहीच दिसले नाही तर निर्णय सोपा असतो, वर जायचे. मोठा धोका असा, की दिसते, पण चुकीचे दिसते.

पाण्याने भरलेल्या पेल्यात चमचा ठेवला तर तो वाकडा दिसतो, हे शाळेत आपण सगळे शिकलो आहोत. तिरक्या काचेवर पसरलेला पाण्याचा कमीजास्त जाडीचा पापुद्रा तेच करतो. समोरचे दृश्य तो वाकवतो. परिणाम असा, की क्षितिज आणि धावपट्टी प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा खाली दिसतात. वैमानिकाला वाटते, आपण जास्तच उंचावर आहोत. मग हात नकळत विमानाचे नाक खाली करतो. विमान योग्य उतारावर असते ते उताराच्या खाली जाते, आणि डोळ्यांना मात्र आता सगळे 'बरोबर' दिसायला लागते!

यात रात्र मिसळली की आणखी भर पडते. दिवसा झाडे असतात, घरे असतात, रस्त्यावरचा ट्रक असतो; त्यांच्या आकारावरून उंचीचा अंदाज येतो. रात्री उरतात फक्त दिवे. पावसामुळे दिवा मंद झाला तर तो दूर वाटतो. थेंबांमुळे त्याच्याभोवती मोठे वलय झाले तर तोच जवळ वाटतो. विमानाचे स्वतःचे प्रखर दिवे लावले तर पावसाच्या धारांवरून उजेड परत डोळ्यांवर येतो, त्या टेम्पोच्या उजेडासारखा. धारा तिरक्या येत असतील तर विमान एका बाजूला सरकते आहे असा भास होतो. आणि वीज चमकली की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा कोरे. म्हणून वादळाजवळून जाताना आम्ही उलटे करतो, कॉकपिटमधले दिवे मोठे करून ठेवतो. विजेने दिपण्यापेक्षा आधीच उजेडात बसलेले बरे. धावपट्टीचे दिवे मोठे-लहान करायला नियंत्रण कक्षाला सांगता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. पावसात सगळ्यात मोठा उजेड म्हणजे सगळ्यात चांगला, असे नाही. कधी कधी आपणच विनंती करतो, "जरा कमी करा."

धावपट्टीच्या अलीकडे समुद्र असेल, खोल दरी असेल किंवा दिवे नसलेले रान असेल, तर तिथे एक काळा खड्डाच पडल्यासारखा दिसतो. पलीकडे धावपट्टीचे दिवे, अलीकडे काहीच नाही. अशा वेळीही वैमानिकाला आपण उंचावर असल्याचा भास होतो.

हे सगळे पुस्तकी वाटू नये म्हणून मुंबईचेच एक उदाहरण देतो. २२ जून १९८२. एअर इंडियाचे 'गौरीशंकर' नावाचे बोइंग ७०७ क्वालालंपूरहून मद्रासमार्गे मुंबईला येत होते. अंधार, मुसळधार पाऊस. विमानात १११ जण. ते धावपट्टीच्या अलीकडेच आपटले आणि १७ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत निघालेले कारण सरळ शब्दांत सांगायचे तर असे, की जमिनीपासून आपण किती उंचीवर आहोत याचे भान सुटले आणि इंजिनांची ताकद वेळेआधी कमी केली गेली. यंत्र बिघडले नव्हते. धावपट्टी सापडली नव्हती, असेही नाही. उंची चुकली होती.

डोळ्यांना एकदा धावपट्टी 'सापडली' की मन बाकीचे ऐकेनासे होते, हा माझा अनुभव आहे. त्याला पाऊसच लागतो असेही नाही. २४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हे भलेमोठे विमान सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या लहानशा धावपट्टीवर उतरले आणि पुढे निघून गेले. कोणाचा जीव गेला नाही हे नशीब. मुंबईचे जुने लोक हा किस्सा हसत सांगतात. मला कधी हसू आले नाही.

मग यावर उपाय काय? डोळ्यांवर दुसरे साक्षीदार बसवायचे. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक आडवी ओळ असते. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले, की आपण योग्य उतारावर. तीन लाल म्हणजे थोडे खाली, चारही लाल म्हणजे फारच खाली. आतमध्ये रेडिओ-उंचीमापक असतो. तो शेवटी माणसाच्या आवाजात फूट मोजून सांगतो, पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा. आणि सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे शेजारी बसलेला माणूस. एकाने बाहेर पाहायचे, दुसऱ्याने आकड्यांवरून नजर हलवायची नाही आणि आकडा बिघडला की मोठ्याने सांगायचे, अशी वाटणी असते.

पुतण्याने मध्येच विचारले, "मग विमान आपोआप का उतरवत नाहीत? दिल्लीला धुक्यात उतरतातच ना?" उतरतात. पण त्यासाठी विमानतळावर फार अचूक यंत्रणा लागते, वैमानिकांचे वेगळे प्रशिक्षण लागते आणि वारा मर्यादेत लागतो. धुके असते तेव्हा वारा जवळजवळ नसतोच. आपला मॉन्सून मात्र वारा बरोबर घेऊन येतो. एकाच मिनिटात समोरून, बाजूने आणि मागून. त्यामुळे धुक्यातला उपाय पावसात तसाच्या तसा चालत नाही.

आता शेवटचे पन्नास फूट. कोरड्या धावपट्टीवर विमानाच्या दिव्यांचा उजेड पडतो, डांबराचा खरखरीतपणा दिसतो आणि जमीन जवळ आल्याचे कळते. ओली धावपट्टी काळ्या आरशासारखी असते. उजेड पुढे निघून जातो, परत येत नाही. जमीन कुठे आहे हे नेमके कळत नाही, म्हणून वैमानिक नाक वर धरून ठेवतो आणि विमान टेकायच्या ऐवजी तरंगत राहते. प्रत्येक तरंगत्या सेकंदाला सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते. आणि राहिलेली धावपट्टी ओली असते, म्हणजे ब्रेकला जास्त अंतर हवे तेव्हाच ते कमी झालेले असते.

कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी हे सगळे एकाच ठिकाणी जमले. करोनाच्या काळात परदेशी अडकलेल्यांना आणणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान, आत १९० जण. कॅप्टन दीपक साठे मूळचे नागपूरचे, हवाई दलात विंग कमांडर आणि चाचणी वैमानिक राहिलेले. आमच्या व्यवसायात त्यांच्याविषयी आदराने बोलले जाई. पहिल्या प्रयत्नात भर पावसात कॅप्टनच्या बाजूचा वायपर काही सेकंद चालून थांबला. ते विमान वर घेऊन गेले. तो निर्णय बरोबर होता. दुसऱ्यांदा ते उलट्या बाजूने आले. आता वारा मागून होता. त्यामुळे जमिनीवरचा वेग वाढलेला. सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान टेकले ते सुमारे १,३५० मीटर गेल्यावर, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर. पुढे टेकडीचा कडा होता. विमान शंभर फुटांहून अधिक खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. आग लागली नाही आणि आसपासचे गावकरी पावसात, करोनाची भीती बाजूला ठेवून धावत आले, म्हणून बाकीचे वाचले.

सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल आला. अस्थिर झालेले उतरणे चालू ठेवले गेले, विमान ठरलेल्या भागाच्या पुढे टेकले आणि सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटल्यानंतरही ते उतरवले गेले, असे त्यात कारण दिले आहे. यंत्रणेतील त्रुटींचाही वाटा सांगितला आहे. मी तो अहवाल अनेकदा वाचला. वाचताना प्रत्येक वेळी मी स्वतःला त्या डाव्या खुर्चीत बसवतो. समोर पाण्याने वाकलेली काच, पुढे दिव्यांच्या दोन रांगा आणि मनात एकच गोष्ट पक्की की धावपट्टी दिसते आहे. टीका करणे मला जमत नाही. असे का होऊ शकते, ते मात्र मला चांगले समजते, कारण एकदा मीही त्या दाराशी जाऊन आलो आहे.

जुलैचा महिना होता. दिल्लीहून मुंबई, रात्रीचे साडेअकरा. घाटकोपरच्या बाजूने आम्ही येत होतो. आपल्याकडे नियम आहे की पावसाळी हवेत कच्च्या सहवैमानिकाच्या हातात उतरण्याचे काम द्यायचे नाही. म्हणून विमान माझ्याकडे होते. शेजारी पंचविशीतली एक मुलगी, नोकरीला दीड-दोन वर्षे झालेली. २०० फुटांच्या आधीच मला दिवे दिसले. मी स्वयंचलन काढले आणि विमान हातात घेतले. त्याच वेळी सरीचा एक मोठा पडदा आला. वायपर पूर्ण जोरात होता, तरी समोरचे दिवे वितळल्यासारखे वाहायला लागले. मला वाटले, आपण उंचावर आहोत. मी नाक किंचित खाली केले. अगदी किंचित.

"सर, तीन लाल," ती म्हणाली.

ऐकू आले, पण मनात पोचले नाही. धावपट्टी दिसत होती ना! दुसऱ्याच क्षणी ती ओरडलीच, "गो-अराउंड!" खरे सांगतो, त्या अर्ध्या सेकंदात मला तिचा राग आला. मला दिसते आहे, आणि ही पोर मला सांगते! पण हात सवयीने पुढे गेला, इंजिने गरजली आणि विमान वर चढले. चारही दिवे लाल झालेले मी जाता जाता पाहिले.

मुंबईवर पाऊस ठाण मांडून बसला होता. पुन्हा प्रयत्न करून मग दुसरीकडे जाण्याइतके इंधन उरले नसते, म्हणून आम्ही अहमदाबाद गाठले. तिथे तारे दिसत होते. प्रवासी वैतागलेले. राजगुरुनगरचे एक गृहस्थ दारापाशी थांबून मला म्हणाले, "आमच्या पुढचं विमान मुंबईला उतरलं म्हणे. तुम्हालाच काय झालं हो कॅप्टन?" पुढचे विमान उतरले होते, हे खरे होते. मी त्यांना नमस्कार केला. दुसरे उत्तर माझ्याकडे नव्हते. 'गो-अराउंड' केल्याबद्दल वैमानिकाला शिक्षा करू नये असे आपले विमान वाहतूक महासंचालनालय सांगते, आणि ते योग्यच आहे. पण दारापाशी उभ्या असलेल्या प्रवाशाला ते परिपत्रक दाखवता येत नाही.

सगळे उतरल्यावर आम्ही दोघे कॉकपिटमध्ये कागद पुरे करत बसलो. ती गप्प होती. आपण वरिष्ठांवर ओरडलो याचे तिला ओझे झाले असावे. मग तिने हळूच विचारले, "सर, तुम्हाला खरंच दिसत होतं का?"

"दिसत होतं," मी म्हणालो. "चुकीचं दिसत होतं. तू बोललीस ते बरं झालं." आणि तेच मी अहवालातही लिहिले.

हे सगळे पुतण्याला सांगेपर्यंत मंचर रस्त्यावरचा पाऊस ओसरला होता. त्याने गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर त्याने वायपरचे नवे रबर आणून बसवले होते. फक्त स्वतःच्या बाजूचे. माझ्या बाजूचे जुनेच होते.

"काका, तुम्ही कुठं चालवताय?" तो म्हणाला.

"चालवत नाही," मी म्हटले, "पण शेजारी बसतो ना?" दुपारी त्याने तेही बदलले.